खुर्द्याची गणती

२०२५ च्या ७ मेला संध्याकाळी ग्वाल्हेरला ब्लॅकआउटची मॉक ड्रिल झाली. सायरन वाजला, लष्कर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीतले दिवे सगळ्यांनी बंद केले, पोरं गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत बसली, आणि फॅमिली ग्रुपवर भाच्यांचे मेसेज धडाधड यायला लागले की एअरबेस आपल्याकडे आहे तेव्हा पहिला नंबर आपलाच. माझी आई ८७ वर्षांची, ती अंधारात चाचपडत मोरीत गेली आणि बादल्या, कळशी, हंडा, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायला लागली. मी म्हटलं, अगं काही मिनिटांची तर ड्रिल आहे, आत्ता दिवे लागतील. तर म्हणाली, "बॉम्ब पडो न पडो, आधी पाणी जातं. ७१ ला बघितलंय मी."

मी पस्तीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलं, युद्धावरचे धडे शिकवले, पण हे एवढं साधं वाक्य कुठल्या धड्यात नव्हतं. तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतेय आणि आता मला जे वाटतं ते लिहून टाकते, लांब होईल, वाचा.

माझं म्हणणं असं आहे की लढाईत जे लोक रोगाने जातात ते लढाईनेच मारलेले असतात, त्यांना वेगळ्या खात्यात टाकणं म्हणजे मारणाऱ्याला सोडून देणं. आणि आपल्या देशाने याबाबत काहीतरी ठोस करावं, ते काय ते शेवटी सांगते.

आधी आपल्याच गावापासून सुरुवात करू. आमच्या वस्तीचं नावच लष्कर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली ती पुन्हा उठलीच नाही, तिचं शहर झालं, पलीकडचं कंपू म्हणजे कॅम्पच, आणि शिंदे की छावनी तर नावातच छावणी. आम्ही इथले मराठी लोक या इतिहासाबद्दल फार बोलतो, गणपतीत व्याख्यानं ठेवतो, पण १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथून फार लांब नाही अशा ठिकाणी काय झालं ते मी साठ वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला पटकी पसरली, म्हणजे कॉलरा. तो तिथे काही नवा नव्हता, तिथल्या खाडीच्या मुलखात होताच. पण नेमकं त्याच वर्षी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांच्या नावाखाली मोठी फौज घेऊन आपल्या दारात येऊन बसला होता, दौलतरावांवर दाब टाकून ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरचा तह करून घेतला, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच त्याच्या तळावर पटकी फुटली. सिंध आणि बेतवा या नद्यांच्या मधला तो पट्टा. एका जागी हजारो माणसं, तेच पाणी प्यायला, तेच धुवायला, तिथेच बाकी सगळं. माणसं चालता चालता रस्त्यात पडायला लागली. शेवटी तळ हलवून बेतवापार एरचला नेला तेव्हा कुठे ती साथ ओसरली. मग पलटणी आणि व्यापारी जिथे जिथे गेले तिथे पटकी गेली, १८१८ मध्ये दख्खनात, मुंबईला, मद्रासला, आणि पुढे जहाजांवरून अरबस्तानापर्यंत. जगात पटकीची पहिली मोठी साथ म्हणतात ती ही. आपल्याकडे गावोगाव मरीआईचे गाडे वेशीबाहेर ढकलले गेले, आपला त्रास पुढच्या गावाला, पुढच्याचा त्याच्या पुढच्याला.

ती किती माणसं होती? पलटणीतल्या शिपायांची नोंद निदान कागदावर राहते, पगार थांबवायला तरी लागते. पण फौजेबरोबर घासकापे, भोई, भिस्ती, वाणी, स्वयंपाकी, बायका-पोरं, ज्यांना आपण बाजारबुणगे म्हणतो, ते लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असायचे, आणि मेले ते मुख्यतः हेच. त्यांचा फक्त अंदाज आहे, हजारो एवढंच.

यावरून पानिपतचा तो निरोप आठवतो ना, मराठी घरात सगळ्यांना पाठ असतो, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. आम्हाला शाळेत बाई हे सांगताना रडल्या होत्या, मीही पुढे वर्गात सांगताना रडले असेन. दोन मोत्यं कोण, मोहरा कोण, हे परीक्षेत विचारायचो. खुर्दा कोण हे मी एकदाही विचारलं नाही. आणि या खुर्द्यातले कितीतरी १४ जानेवारीच्या आधीच, त्या कोंडलेल्या छावणीत उपासमारीने आणि रोगराईने गेले होते, त्यांना तलवार लागलेलीसुद्धा नव्हती.

आता कुणी म्हणेल की बाई ते जुनं झालं, तेव्हा जंतू म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं, हेस्टिंग्जला तरी काय दोष देणार. बरोबर आहे, १८१७ मध्ये माहीत नव्हतं. पण येमेनला २०१७ मध्ये सगळं माहीत होतं, बरोब्बर दोनशे वर्षांनी, आणि तरी एका वर्षात दहा लाखांवर संशयित कॉलरा रुग्ण झाले. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं त्या पुडीने बरा होणारा रोग, वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात एकही माणूस जायला नको असा.

हे कसं झालं ते एकेक करून बघण्यासारखं आहे कारण त्यात दैव कुठेच सापडत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये येमेनच्या लढाईत उतरलेल्या सौदीच्या आघाडीने होदेदा बंदरातल्या क्रेनवर बॉम्ब टाकले. त्या देशात खाण्यापिण्याचं, औषधांचं, इंधनाचं बहुतेक सगळं बाहेरून येतं आणि त्यातलं बरंच त्या बंदरातून. बदली क्रेन पाठवल्या तर त्या अडवल्या गेल्या, बसवायला २०१८ चा जानेवारी उजाडला. इंधन नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून साना शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र धड चालेना. सरकारी बँकेवरून दोन बाजूंची ओढाताण झाली आणि २०१६ च्या शरदापासून पगार थांबले, सुमारे ३० हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना जवळजवळ दहा महिने पगार नव्हता, कचरा उचलणाऱ्यांनी काम बंद केलं, कचऱ्याचे ढीग लागले आणि त्यावर पाऊस पडला. पावसाने कचरा आणि मैला विहिरींत गेला. २०१७ च्या एप्रिलपासून जी लाट आली ती ही.

यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवून केलेली आहे. क्रेनवर बॉम्ब टाकायचा हुकूम कुणीतरी दिला, बदली क्रेन कुणीतरी अडवली, पगाराच्या फाइलवर कुणीतरी सही केली नाही. मला स्वतःला यातली पगाराची गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कारण बॉम्ब दिसतो, त्याचा फोटो येतो, पण नर्सचा पगार थांबला याचा फोटो कसा काढणार? ती बाई दहा महिने बिनपगारी ड्यूटीवर येत होती, कितीजणी येत होत्या, आणि ज्या नाही आल्या त्यांना मी तरी काही म्हणू शकत नाही, घरी पोरं असतात.

सुदानमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून लढाई आहे आणि तिथेही तेच, २०२५ च्या मे महिन्यात खार्तूममध्ये ड्रोनने वीजकेंद्रांवर हल्ले झाले, वीज गेली, पाण्याचे पंप बंद, लोक नाइलमधून थेट पाणी आणायला लागले आणि बघता बघता कॉलरा. आई म्हणाली तसंच, आधी पाणी जातं. आमच्याकडे तिघऱ्याच्या धरणातून पाणी येतं, मोतीझीलला फिल्टर होतं, मग टंकीत चढतं, मग आमच्या नळाला, तेही उन्हाळ्यात एक दिवसाआड. मोतीझीलचे पंप पंधरा दिवस बंद राहिले तर लष्कर, मुरार आणि जुनं ग्वाल्हेर काय पितील? ज्यांच्याकडे बोरिंग आहे ते काही दिवस काढतील, तेही मोटरला वीज असेल तर. बाकीचे स्वर्णरेखेच्या नाल्याकाठच्या हातपंपांवर. त्या पंधरा दिवसांत ग्वाल्हेरवर एकही बॉम्ब पडला नाही तरी चालतं, उलट्या-जुलाब सुरू व्हायला तेवढं पुरेसं आहे, आणि मग लहान मुलं आधी जातात, त्यांच्या अंगात पाणीच किती असतं.

युनिसेफने २०१९ मध्ये लढाई चालू असलेल्या १६ देशांचे आकडे काढले होते. त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचं असं दिसलं की गोळीने-बॉम्बने मरण्यापेक्षा घाण पाण्याच्या जुलाबाने मरण्याची शक्यता वीसपटीहून जास्त. वीसपट! म्हणजे टीव्हीवर जे युद्ध आपण बघतो ते या मुलांच्या हिशोबात एक भाग आणि जे बघत नाही ते वीस भाग.

आणि आपण भारतीय तरी हा हिशोब कुठे ठेवतो. दिल्लीला इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत, पहिल्या महायुद्धात आपले सुमारे ७४ हजार सैनिक गेले, त्यांना नमस्कारच आहे. पण त्याच युद्धाच्या शेवटच्या वर्षात, १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरावरून जो फ्लू आत आला, गोदीवर ड्यूटी असलेले पोलीस शिपाई सगळ्यात आधी आजारी पडले, त्याने देशात कमीत कमी सव्वा कोट माणसं गेली असं अभ्यासक धरतात, काहींचे अंदाज त्याहून बरेच वर जातात. एक नाव कुठे कोरलेलं नाही. फ्लू युद्धाशिवायही आलाच असता असं कुणी म्हणेल, आलाही असता, ते मला मान्य आहे. पण बराकी आणि जहाजं शिपायांनी खचाखच भरून तो इतक्या वेगाने जगभर नेला कुणी? लढणाऱ्या देशांनी बातम्या दाबल्या, स्पेन तटस्थ होता म्हणून तिथल्या पेपरांनी छापलं आणि बिचाऱ्या स्पेनचं नाव रोगाला चिकटलं. त्यात आपल्याकडे त्या वर्षी पाऊस गेला आणि धान्य मात्र युद्धाकडे चाललं होतं. माझ्या पणजीच्या घरात एका आठवड्यात तीन माणसं गेली असं आजी सांगायची, कुठे झाशीच्या बाजूला, त्यांची नावंसुद्धा आता कुणाला सांगता येत नाहीत.

हे सगळं वाचून उदास व्हायला होतं, पण मी इथे थांबत नाही, कारण याच विषयात आपल्या माणसांनी केलेली एक गोष्ट आहे जी माझ्या मते पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर हवी. १९७१. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले, बनगावच्या हॉस्पिटलात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. तिथे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा याचं मिश्रण पाण्यात कालवून ड्रममध्ये भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले, पाजत राहा. तोपर्यंत मोठमोठ्या डॉक्टरांना हे शिरेतूनच द्यायला हवं असं वाटत होतं. मृत्यूचं प्रमाण जे ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज आपण ज्याला ओआरएसची पुडी म्हणतो तिच्यावर जगाचा विश्वास बसला तो या छावणीमुळे. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर.

त्याच युद्धाची दुसरी बाजूही सांगते. पूर्व पाकिस्तानातून देवी, म्हणजे स्मॉलपॉक्स, १९७० मध्येच गेली होती. कोलकात्याजवळच्या निर्वासित छावणीत ती पुन्हा पसरली, युद्ध जिंकलं, लोक आनंदाने घरी परतले आणि रोग बरोबर घेऊन गेले. तिथला शेवटचा रुग्ण सापडला १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरात शरणागतीच्या कागदावर सही झाली ती माणसांपुरती, देवीची लढाई पुढे जवळजवळ चार वर्षं चालली.

आता मी माझ्या स्वतःच्या कामाकडे येते. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून आम्हा मास्तर लोकांच्या ड्यूट्या लागायच्या. रविवारी बूथ, मग घरोघर. निळा व्हॅक्सीन कॅरिअर खांद्याला, आत बर्फाचे पॅक, बाटलीवरचा तो छोटा चौकोन रंग बदलला का बघायचं, बाळाच्या तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीवर निशाण, आणि दारावर खडूने पी नाहीतर एक्स. पी म्हणजे घरातली सगळी मुलं झाली, एक्स म्हणजे कुणी राहिलं, परत यायचं. मला एक्स घरं अजून आठवतात. एका घरात एक बाई दाराआड उभी राहून सहा वेळा नाही म्हणाली, सातव्या वेळी मी पेटी खाली ठेवली आणि नुसती बसले, पाणी मागितलं, तिच्या सासूशी गुडघ्यांबद्दल बोलले, आणि मग तिने पोराला बाहेर आणलं. काय बदललं होतं? तिला एवढंच कळलं होतं की ही बाई थेंब पाजायला आलीय, दुसऱ्या कशाला नाही. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, ते अशा लाखो दारांवरच्या विश्वासावर.

म्हणून अबोटाबादची गोष्ट वाचली तेव्हा मला राग आला तो अजून गेलेला नाही. २०११ मध्ये बिन लादेनचा ठावठिकाणा नक्की करायला सीआयएने तिथे हेपॅटायटिस बीच्या लसीकरणाचं सोंग केलं, घरातल्या माणसांचा डीएनए मिळवायचा म्हणून. लादेनबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, हे स्पष्ट सांगते. पण पुढे काय झालं? २०१२ मध्ये वझिरीस्तानात तालिबानने पोलिओ लसीकरणावर बंदी घातली, त्या डिसेंबरात लस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या, आणि २०१४ मध्ये पाकिस्तानात ३०६ मुलं लुळी झाली. गोळ्या घालणारे खुनी आहेत, त्यात दुमत नाही, पण त्यांच्या हातात निमित्त कुणी दिलं? त्या बायका म्हणजे मीच होते, तीच पेटी, तोच खडू, फक्त सीमेच्या पलीकडे. २०१४ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. पोलिओ तिथून अजून गेलेला नाही.

काँगोच्या उत्तर किवूमध्येही हाच धडा. २०१८ ला इबोला आला तेव्हा लस हातात होती, आणि तरी ती साथ दोन वर्षं चालली, २२०० हून जास्त माणसं गेली. वीस-पंचवीस वर्षं तिथे सशस्त्र टोळ्या लोकांना मारत होत्या तेव्हा कुणी आलं नाही आणि इबोला आल्यावर मात्र गाड्यांचे ताफे, त्यांच्याबरोबर बंदुका, वर त्या भागातली निवडणूक रोगाचं कारण सांगून पुढे ढकलली, मग लोकांना काय वाटणार? उपचार केंद्रं जाळली गेली, डॉक्टर मारले गेले. बंदूकवाल्याबरोबर गेलेली लस लोकांना बंदुकीसारखीच दिसते, हे मी दारोदार फिरून शिकलेय.

आणि गाझा. २०२२ मध्ये तिथे ९९ टक्के मुलांना पोलिओची लस मिळालेली होती, म्हणजे आपल्या कितीतरी जिल्ह्यांपेक्षा चांगलं. युद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते प्रमाण ९० च्या खाली आलं, सांडपाणी रस्त्यांवर, तंबूंच्या मधून, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं एक बाळ लुळं झालं, २५ वर्षांनी पहिल्यांदा. त्यातला विषाणू तोंडाने द्यायच्या लसीतूनच आलेला प्रकार होता, त्यावरून ग्रुपवर लगेच सुरू झालं की बघा लसच वाईट. तसं नाहीये. लसीतला दुबळा केलेला विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो, आजूबाजूच्या सगळ्यांना लस असेल तर तिथेच संपतो, नसेल तर महिनोन्महिने एका पोटातून दुसऱ्या पोटात फिरत पुन्हा जोर धरतो. गटारं फुटलेली आणि मुलं लसीविना, या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या त्या युद्धाने.

पण मग काय झालं बघा. १ सप्टेंबरपासून रोज काही तास त्या त्या भागात गोळीबार थांबवायचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले गेले. म्हणजे थांबवता येतं! पोलिओसाठी थांबवता येतं तर पाण्याच्या पाइपसाठी का नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. एल साल्वादोरमध्ये १९८५ ला यादवी चालू असताना युनिसेफ आणि तिथल्या चर्चने मध्ये पडून वर्षातले तीन दिवस लढाई थांबवली, अडीच लाखांच्या आसपास मुलांना लस दिली, आणि १९९२ ला युद्ध संपेपर्यंत दरवर्षी ते दिवस पाळले गेले. सुदानमध्ये १९९५ ला नारूसाठी जिमी कार्टर यांनी शस्त्रसंधी घडवली, ती जवळजवळ सहा महिने टिकली. नारू म्हटलं की आमच्या पिढीला विहिरीवरचं गाळून घेतलेलं पाणी आठवतं.

माझा भाचा फौजेत आहे. त्याच्याशी यावर बोलले तर तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मावशी, हॉस्पिटलच्या तळघरात, पाण्याच्या टाकीवर समोरचे लपून बसले तर आम्ही काय करायचं? आमच्या पोरांनी मरायचं?" हा प्रश्न खोटा नाही, असं लपून बसणं होतं, आणि ज्याला समोर जायचंय त्याला मी घरात बसून उपदेश करणार नाही. पण मी त्याला विचारलं की थांबवलेल्या पगारात कोण लपतं? बंदरातल्या अडवलेल्या क्रेनमध्ये? क्लोरीनच्या गोळ्यांच्या खोक्यांमध्ये, जी तपासून सोडता येतात? रोग पसरवणाऱ्या निर्णयांतले बरेच रणांगणावर घेतले जात नाहीत, ते टेबलावर घेतले जातात, निवांत, तिथे कुणाच्या जिवाला त्या क्षणी धोका नसतो. त्यावर तो म्हणाला, हे खरं आहे.

आता आपण काय करावं ते. युद्धात काय करायचं नाही ते सांगणाऱ्या जीनिव्हा करारांना १९७७ मध्ये पुरवणी जोडली गेली, तिच्या ५४ व्या कलमात साफ लिहिलंय की लोकांच्या पिण्याच्या पाण्याची व्यवस्था नष्ट करायची नाही, निकामी करायची नाही. भारताने मूळ करार मान्य केले, त्यासाठी १९६० ला कायदा केला, पण ही पुरवणी आपण आजपर्यंत स्वीकारलेली नाही. अमेरिका नाही, इस्रायल नाही, पाकिस्तान नाही, आणि आपण नाही. ज्या देशाच्या छावणीतून ओआरएस जगाला मिळालं त्याने या रांगेत का उभं राहावं? काही कलमं अडचणीची वाटत असतील तर ती अपवाद म्हणून नोंदवून सही करता येते, ब्रिटन-फ्रान्सनी तेच केलं. सही केल्याने सगळं होतं असं मी म्हणत नाही, सौदीची सही आहे आणि तरी होदेदाच्या क्रेन गेल्या. पण स्वतः सही न केलेला माणूस दुसऱ्याला जाब तरी कुठल्या तोंडाने विचारणार.

आणि याहून सोपी, आपल्या हातातली दुसरी गोष्ट आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९८८ च्या ३१ डिसेंबरला करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, यादी जात-येत राहिली. यात कुणाचं कुणावर प्रेम आहे असं नाही, दोघांनाही कळतं की तिथे काही फुटलं तर वारा सीमा बघून वाहत नाही. मग पटकी कुठे सीमा बघते? तशीच एक यादी शहरांच्या फिल्टर प्लांटची आणि सांडपाणी केंद्रांची का नको? त्यात लस पाजणाऱ्या लोकांना हात न लावण्याचं आणि लसीकरणाचा हेरगिरीसाठी वापर न करण्याचं एक कलम का नको? लोक म्हणतील सिंधूचा करारच स्थगित आहे आणि तुम्ही पाण्याच्या गोष्टी करताय. नदीचा वाटा किती आणि कुणाचा हे भांडण वेगळं आहे, ते सरकारं बघतील. मी नगरपालिकेच्या टंकीबद्दल बोलतेय, ज्यात क्लोरीन टाकून पाणी पोरांच्या पेल्यात जातं. आणि संबंध बिघडलेले असतानाच अशा यादीचा उपयोग असतो, चांगले असताना ती कुणाला लागणार.

तिसरं, मोजणी. आपल्या मराठी पेपरांनी आणि चॅनेलांनी युद्धाची बातमी देताना मेलेल्यांचा एकच आकडा देऊ नये. गोळ्यांनी इतके, आणि पाणी, उपासमार, लस न मिळणं, हॉस्पिटल बंद पडणं यामुळे इतके, दोन्ही आकडे शेजारी शेजारी. दुसरा आकडा मिळायला वेळ लागतो, अंदाजाचा असतो, तर अंदाज म्हणून द्या, पण द्या. यावर्षी आमच्या गणपतीच्या व्याख्यानात मी पानिपतवर बोलणार आहे, मोत्यं आणि मोहरा सगळ्यांना माहीत आहेत, त्यांना पाच मिनिटं देईन आणि बाकी वेळ खुर्द्याला.

ड्रिल संपल्यावर दिवे आले, आईने भरून ठेवलेलं पाणी दोन दिवस वापरलं, एक थेंब ओतू दिला नाही. १ जानेवारीच्या त्या यादीत मोतीझीलचं नाव असावं, आणि पलीकडून आलेल्या यादीत लाहोरच्या आणि सियालकोटच्या पाणीकेंद्रांचं.